लिब्रेऑफिसमधले केरवारे: रटाळ कामाला माणसे कशी मिळाली

लिब्रेऑफिस या मोफत, मुक्तस्रोत ऑफिस-संचातल्या ‘रायटर’ या लेखनाच्या प्रोग्रामचा मुख्य कोड आजही ‘एसडब्ल्यू’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. ही अक्षरे ‘स्टाररायटर’ची आहेत. ‘कॅल्क’ या हिशेबतक्त्यांच्या प्रोग्रामचा कोड ‘एससी’मध्ये, म्हणजे ‘स्टारकॅल्क’च्या नावावर, आणि चित्रे व सादरीकरणे यांचा ‘एसडी’मध्ये आहे. १९८५ साली मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलाने जर्मनीतील ल्यूनेबुर्ग येथे स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली, तिची ही खूण. घराचे मालक बदलले, तरी दारावरची जुनी पाटी कोणी काढली नाही, तसा हा प्रकार आहे. फोल्डरांच्या नावांनी कोणाचे फारसे अडत नव्हते. अडत होते ते कोडमध्येच समजुतीसाठी लिहून ठेवलेल्या टिपांनी.

स्टारडिव्हिजनचे प्रोग्रामर जर्मन होते आणि एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा त्यांनी साहजिकच जर्मनमध्ये लिहिल्या होत्या. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ही कंपनी विकत घेतली, ऑक्टोबर २००० मध्ये ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ या नावाने कोड जगासाठी खुला केला, आणि पुढची दहा वर्षे त्या टिपा होत्या तशाच राहिल्या. ब्राझीलमधला किंवा भारतातला एखादा हौशी प्रोग्रामर एखाद्या फंक्शनपाशी, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यापाशी, येई, ते असे विचित्र का लिहिले आहे ते कळावे म्हणून वरची टीप पाही, आणि तिथे ‘आबझात्स’, ‘त्साइले’, ‘श्पाल्टे’ असे शब्द भेटत. हे शब्द अनुक्रमे परिच्छेद, ओळ आणि स्तंभ यांचे आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ती टीप असून नसल्यासारखी होती. या टिपांचे इंग्रजी भाषांतर करावे यावर कोणाचे दुमत नव्हते. ते करायला मात्र कोणी पुढे येत नव्हते.

मुक्तस्रोत प्रकल्पांत नव्या सोयी लिहायला माणसे मिळतात, कारण त्या सोयींवर लिहिणाऱ्याचे नाव लागते आणि मित्रांना त्या दाखवता येतात. टिपांचे भाषांतर, कोणी वापरत नसलेला कोड काढून टाकणे, नोंदवलेले बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, पुन्हा घडवून पाहणे आणि चार जणांनी नोंदवलेला एकच बग एका जागी आणणे ही कामे घरातल्या केरवाऱ्यांसारखी असतात. केली तर दिसत नाहीत, राहिली की मात्र डोळ्यांत येतात. लिब्रेऑफिसने अशा कामांसाठी काही वर्षे बरीच माणसे मिळवली. ते कसे साधले, आणि कुठे साधले नाही, हे या प्रकरणात तपासायचे आहे. आपल्याकडे यावर चर्चा झाली की ती बहुधा समाजसेवेच्या भाषेत होते आणि स्वयंसेवकांच्या वृत्तीवर येऊन थांबते. माझ्या मते या प्रकरणात वृत्तीचा भाग थोडा होता. कामाचे तुकडे कोणी, कसे पाडले याचा भाग फार मोठा होता.

फाटाफूट आणि रिकामे अंगण

२०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली आणि ओपनऑफिसभोवती जमलेल्या मंडळींच्या मनात चलबिचल सुरू झाली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यापैकी अनेकांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस हा वेगळा प्रकल्प सुरू केला. नाव नवे मिळाले, कोड मात्र सगळा जुना, लाखो ओळींचा, आणि त्याची डागडुजी करायला सुरुवातीला वीसपेक्षाही कमी माणसे होती.

सनच्या काळात बाहेरच्या माणसाला हातभार लावणे किती जिकिरीचे होते हे आधी सांगायला हवे, कारण पुढच्या बदलाचे मोल त्यावरूनच कळते. कोड द्यायचा तर प्रथम त्याच्या कॉपीराइटमध्ये कंपनीला सहमालक करून घेणाऱ्या करारावर सही करून तो कागद पाठवावा लागे. त्यानंतर प्रत्येक बदलासाठी वेगळी कार्यशाखा, तिची चाचणी, तिची मंजुरी असा सोपस्कार असे. एखाद्या मोठ्या सोयीसाठी हे सगळे कोणी सहन केलेही असते. पण एका जर्मन वाक्याचे भाषांतर देण्यासाठी करारावर सही करून महिनाभर वाट पाहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. किरकोळ काम करणाऱ्याचा वेळ जर कामापेक्षा दारातच जास्त जात असेल, तर ती कामे होत नाहीत, आणि मग ‘लोकांना अशा कामांत रस नसतो’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

नव्या प्रकल्पाने हे दार जवळजवळ काढूनच टाकले. कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडेच राहिला. आपण आजवर दिलेले आणि यापुढे देणार असलेले सगळे योगदान ठरलेल्या दोन मुक्त परवान्यांखाली वापरता येईल, अशा अर्थाचे एका वाक्याचे ईमेल एकदा पाठवले की तो विषय संपला. पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, थेट पाठवायचा, कोणीतरी जाणता माणूस तो पाहील आणि ठीक असेल तर त्याच दिवशी घालून टाकील, असा रिवाज पडला. पुढे २०१२ मध्ये गेरिट ही पॅच तपासण्याची यंत्रणा आली आणि या रिवाजाला चाकोरी मिळाली. जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिस ३.३ बाहेर पडले, तेव्हा कोड लिहिणाऱ्यांची संख्या शंभराच्या वर गेल्याचे फाउंडेशनने जाहीर केले. चार महिन्यांत वीसच्या आतून शंभराच्या वर. यात बंडाच्या उत्साहाचा वाटा नक्कीच होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण उत्साहाने आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करणार, याचे उत्तर तयार नसते तर तो आला तसा गेला असता.

सोप्या कामांची यादी

ते उत्तर म्हणजे ‘ईझी हॅक्स’. या यादीमागे मायकेल मीक्स यांच्यासारखी मंडळी होती, जी नोव्हेल या कंपनीत राहून ओपनऑफिसवर पॅचचे वेगळे गाठोडे वर्षानुवर्षे सांभाळत आली होती आणि बाहेरच्याला आत येताना काय काय बोचते ते ज्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. यादी आधी विकीवर होती, नंतर ती बगझिला या बग नोंदवण्याच्या यंत्रणेत आली आणि प्रत्येक कामावर चिठ्ठ्या लागू लागल्या: कोणती प्रोग्रामिंग भाषा यायला हवी, अवघडपणा किती, विषय कोणता. अवघडपणाच्या तीन पायऱ्या आहेत. नवशिक्यासाठी, मध्यम, आणि तिसरीला ‘अवघड’ न म्हणता ‘रंजक’ म्हटले आहे. हा शब्द निवडणाऱ्याला माणसांचे मन चांगले कळत असावे.

चांगल्या नोंदीत मजकूर थोडा असतो पण नेमका असतो. हे काम का हवे आहे ते दोन ओळींत, कोणत्या फाइलमध्ये आणि साधारण कोणत्या फंक्शनपाशी बघायचे ते ‘कोड पॉइंटर’ या मथळ्याखाली, आणि अडले तर कोणाला विचारायचे त्याचे नाव. बाकी काही नाही. कोणत्याही मोठ्या प्रकल्पात नवख्याचा पहिला आठवडा ‘नेमके कुठे बघायचे’ हे शोधण्यात जातो. जाणत्याने दोन मिनिटे खर्चून तो आठवडा वाचवावा, एवढीच यामागची कल्पना आहे.

आता ही दोन मिनिटे म्हणायला दोन मिनिटे. प्रत्यक्षात एखादी नीट नोंद लिहायला अर्धा तास लागतो आणि ते काम जाणत्याने स्वतः करायचे ठरवले तर दहा मिनिटांत उरकते. हिशेबी माणूस म्हणेल की मग स्वतःच का करू नये? या प्रकरणाचा कणा मला इथे दिसतो. दहा मिनिटांचे काम हातात असून ते न करता, अर्धा तास खर्चून त्याची नोंद लिहायची, मग कोणी येईपर्यंत काही आठवडे ते डोळ्यांसमोर तसेच राहू द्यायचे आणि शेवटी कोणी अर्धेमुर्धे करून आणले की तेही आपुलकीने दुरुस्त करून घ्यायचे, हा संयम अनुभवी प्रोग्रामरच्या स्वभावात सहसा नसतो. लिब्रेऑफिसमध्ये काही मोजक्या लोकांनी तो जाणीवपूर्वक पाळला. स्वयंसेवकांना रटाळ कामाकडे वळवण्याच्या गोष्टीत सर्वांत रटाळ काम याच लोकांनी केले.

टिपांचे भाषांतर हे या यादीतले नमुनेदार काम. मिक्लोश वाय्ना यांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती सगळ्या फाइली चाळून टिपा बाहेर काढी, प्रत्येक टिपेची भाषा कोणती असावी याचा अंदाज बांधी आणि जर्मन वाटलेल्या टिपा फाइल आणि ओळ यांसह समोर ठेवी. अंदाज कधी चुकेही, पण ‘कोडमध्ये कुठेतरी जर्मन आहे’ या धुरकट तक्रारीचे रूपांतर ‘या फाइलमध्ये एवढ्या टिपा उरल्या आहेत’ अशा मोजता येणाऱ्या कामात झाले. समजा एखादा जर्मन जाणणारा विद्यार्थी संध्याकाळी बसला आणि त्याने एक फाइल घेतली. सात टिपा आहेत. पाच सरळ आहेत: ‘परिच्छेद रिकामा असेल तर बाहेर पडा’ अशा धर्तीच्या. सहावीत कोणा मागच्या प्रोग्रामरने स्वतःशीच कुरकूर केली आहे, तिचे भाषांतर करण्यापेक्षा ती काढून टाकणे बरे. सातवी टीप ज्या कोडबद्दल बोलते तो कोड केव्हाच बदलला आहे. इथे विद्यार्थ्याला पहिल्यांदा टिपेबरोबर कोडही वाचावा लागतो, आणि कोणाला तरी विचारावे लागते. दीड तासात पॅच तयार होतो.

टिपेत केलेला बदल चालत्या प्रोग्राममध्ये उतरत नाही, म्हणून या पॅचने रायटर कोसळण्याची भीती नाही. तपासणाऱ्याला तो निर्धास्तपणे आणि लगेच स्वीकारता येतो. पण पाठवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याने सगळा प्रवास पूर्ण केलेला असतो: कोड उतरवून घेतला, बदल केला, तो कमिट केला म्हणजे रीतसर नोंदवला, परवान्याचे ईमेल पाठवले, तपासणीतली एखादी सूचना ऐकून पुन्हा पाठवला, आणि प्रकल्पाच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. पुढच्या वेळी त्याला फक्त अवघड काम शिकायचे आहे, वाट शिकायची नाही. रटाळ काम हेच प्रवेशद्वार ठरले. उरलेल्या जर्मन टिपांचा आकडा दर आवृत्तीगणिक घटत गेल्याचे आलेख मीक्स आपल्या लेखांत देत आणि ती घसरण पाहण्यात एक वेगळीच मौज होती; काही वर्षांत ते काम जवळजवळ संपले.

पाडापाडीचे सुख

वापरात नसलेला कोड काढण्याचे काम याहून थोडे वरच्या इयत्तेचे. तेव्हा रेड हॅट या कंपनीत असलेल्या केव्हलान मॅकनामारा यांच्या ‘कॉलकॅचर’ या साधनाने बिल्ड होत असताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होत असताना, कोणती फंक्शने लिहिली आहेत पण कोठूनही बोलावली जात नाहीत ते टिपले जाई. ती यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये, थेट कोडच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. हजारोंच्या घरात नावे होती. स्वयंसेवकाने एक नाव उचलायचे, ते फंक्शन आणि त्याची घोषणा दोन्ही पुसायची आणि बिल्ड करून बघायचे. बिल्ड झाले तर बहुधा काम बरोबर आहे. काही फंक्शने फक्त विंडोजवर किंवा मॅकवर वापरात असत, त्यामुळे डोळे मिटून यादीवर विसंबता येत नसे. पण एकंदरीत परीक्षक कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, होता; माणूस नव्हता.

हा मुद्दा मला भाषांतराच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्वयंसेवक वाढले की तपासणाऱ्यांवरचा भार वाढतो आणि चार जाणती माणसे चाळीस नवख्यांचे पॅच वाचता वाचता स्वतःचे काम विसरतात. जे काम बरोबर झाले की नाही ते यंत्र सांगू शकते, ते नवख्यांना देणे परवडते. शिवाय पाडापाडीत एक सुख असते. एक फंक्शन काढले की ज्यांना तेच बोलावत होते अशी आणखी दोन उघडी पडत, ती काढली की एखादी अख्खी फाइल रिकामी होई. आपल्या नावावर एकही नवी ओळ नाही आणि हजार ओळी वजा आहेत, याचा अभिमान बाळगणारी माणसे या प्रकल्पात होती. जुन्या वाड्याची माडी उतरवताना दगड-लाकूड नीट रचून ठेवणाऱ्या गवंड्याला जे समाधान मिळत असेल, त्याच जातीचे हे असावे.

सगळी पाडापाडी इतकी निरुपद्रवी नव्हती. या कोडमध्ये मजकुराचा तुकडा साठवण्यासाठी एकापेक्षा अधिक घरगुती प्रकार होते आणि त्यांतल्या सर्वांत जुन्यात लांबी मोजायला १६ बिटांचाच आकडा होता. परिणामी रायटरमध्ये एका परिच्छेदात सुमारे ६५ हजारांपेक्षा जास्त अक्षरे मावत नसत. हा जुना प्रकार शेकडो फाइलींमध्ये मुरलेला होता. एकेका जागी तो काढून त्याऐवजी नवा प्रकार घालायचा, आणि मोजणी शून्यापासून की एकापासून, रिकाम्या मजकुराचे काय होते अशा बारीक फरकांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे, हे काम अनेक हातांनी दीर्घकाळ केले. जुलै २०१४ मध्ये आवृत्ती ४.३ आली तेव्हा परिच्छेदाची ती मर्यादा उठली आणि अकरा वर्षे उघडी असलेली तक्रार मिटली, असे फाउंडेशनने आपल्या पत्रकात आवर्जून सांगितले. वापरणाऱ्याला दिसले ते एवढेच की लांब परिच्छेद आता चालतो. त्यामागे किती संध्याकाळी गेल्या हे त्या पत्रकात कसे मावणार?

डायलॉगांचे, म्हणजे पर्याय विचारणाऱ्या छोट्या खिडक्यांचे, कामही असेच वाटून झाले. जुन्या डायलॉगांत प्रत्येक बटणाची आणि मजकुराची जागा आकड्यांनी पक्की ठरवलेली होती. इंग्रजी शब्द त्या चौकटीत बसे, पण भाषांतरातला लांब शब्द मध्येच कापला जाई. मराठीतून अशा खिडक्या वापरणाऱ्यांना अर्धवट चिरलेल्या ओळींचा अनुभव नवा नसेल. मजकुराप्रमाणे आपोआप रुंदावणाऱ्या नव्या मांडणीत शेकडो डायलॉग एकेक करून न्यायचे होते. एक डायलॉग, एक पॅच, आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी शेजारी. काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे इतके स्वच्छ असले की माणूस आपणहून दुसरा डायलॉग मागतो.

जे कापले गेले नाही

आतापर्यंतचे वाचून सगळे रटाळ काम वाटून देता येते असा समज होऊ शकतो, आणि तो खरा नाही. ओपनऑफिसपासून चालत आलेली जुनी, संथ बिल्ड यंत्रणा काढून तिच्या जागी नवी बसवण्याचे काम कोणत्याही नव्या सोयीपेक्षा जास्त गरजेचे होते, कारण नवख्याच्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायला रात्र जात असेल तर बाकी सगळ्या युक्त्या फुकट. पण ते काम करायला सगळी रचना एका डोक्यात असावी लागते. मोड्यूलवार तुकडे पाडले तरी प्रत्येक तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. ते थोड्या, सरावलेल्या हातांनीच झाले आणि २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ४.० आवृत्तीपर्यंत पुरे झाले. एका संध्याकाळीत न मावणारे रटाळ काम ‘सोपे’ अशी चिठ्ठी लावून यादीत टाकणे ही नवख्याची फसवणूकच म्हणायची.

दुसरे टोक असे की काही काम यंत्रानेच करावे. कोडमध्ये साध्या अवतरणातल्या शब्दाभोवती मॅक्रो नावाच्या ठरीव सूत्राचे लांबलचक वेष्टन घालण्याची जुनी पद्धत होती. हे वेष्टन सोलण्याचे काम काही काळ नवख्यांच्या यादीत होते. पुढे कंपायलरला जोडलेल्या प्लगिनांनी अशा जातीचे बदल हजारोंच्या संख्येने आपोआप होऊ लागले. मग जुनाच प्रश्न उभा राहतो: यंत्राने क्षणात होणारे काम शिकवणीसाठी म्हणून माणसांकरता राखून ठेवावे काय? माझे मत विरुद्ध आहे. आपण केलेले काम यंत्राने दुपारी पुसून टाकले असते हे ज्याला कळते, तो पुन्हा येत नाही. लिब्रेऑफिसने मधला रस्ता काढला आहे. एकच फाइल दोनदा वाचली जाऊ नये म्हणून फाइलींच्या तोंडाशी असलेली जुनी संरक्षक वाक्ये काढून त्या जागी एकच आधुनिक ओळ घालण्याचे काम बगझिलात १४३१४८ या क्रमांकाने आहे. ते कोणा एकाच्या नावावर ठेवले नाही. ज्याने त्याने थोड्या फाइली घ्यायच्या. त्यातून कोडचा फायदा माफक होतो, वाट मात्र पाठ होते.

नाव लावण्यावरून आणखी एक गोष्ट. गूगल समर ऑफ कोड या, मुक्तस्रोत काम करणाऱ्या नवख्यांना मानधन देणाऱ्या, उपक्रमासाठी अर्ज करायचा तर निदान एक सोपे काम करून दाखवले पाहिजे अशी अट या प्रकल्पाने ठेवली आणि त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला, त्यातही भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून, यादीवर गर्दी उसळू लागली. अनेक जण आधी ‘हे काम मला द्या’ म्हणून नाव लावतात आणि मग दिसेनासे होतात. नाव लागलेले पाहून दुसरा त्या कामाला हात लावत नाही. तीन महिने हालचाल नसेल तर नाव काढून काम पुन्हा मोकळे करण्याचा प्रघात त्यामुळेच पडला. यात विद्यार्थ्यांना नावे ठेवण्यात हशील नाही. आपल्याकडे प्रवेशासाठी आधी रांगेत नंबर लावायचा हे लहानपणापासून शिकवलेले असते, आणि इथे रांगच नाही हे कोणी सांगत नाही.

न संपणारे काम

बगच्या नोंदींची छाननी या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण तिला शेवट नाही. टिपा संपतात, डायलॉग संपतात. नोंदी रोज येतात. प्रत्येक नवी नोंद ‘अपुष्ट’ या अवस्थेत असते आणि कोणीतरी ती दुसऱ्या संगणकावर करून पाहिल्याखेरीज पुढे सरकत नाही. कोड न येणाऱ्यालाही हे काम करता येते, असे म्हटले जाते आणि ते खरे आहे, पण नुसत्या ‘मलाही असेच होते’ या वाक्याने प्रोग्रामरला फारशी मदत होत नाही.

या ठिकाणी २०११ च्या अखेरीस ब्योर्न मिखाएल्सेन यांच्याकडून आलेली ‘बायबिसेक्ट’ची युक्ती प्रकल्पाच्या उपयोगी पडली. तयार, चालू करता येणारी शेकडो बिल्ड क्रमाने गिट या, बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या, एका साठ्यात ठेवलेली असतात. आधी चालणारी एखादी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली असेल, तर स्वयंसेवक मधले बिल्ड उघडतो, फाइल टाकून बघतो, चांगले की वाईट ते सांगतो. गिट उरलेल्यांच्या मधले बिल्ड देतो. हजार बिल्ड असली तरी साधारण दहा वेळा उघड-मीट केली की बिघाड नेमका कोणत्या बदलानंतर आला ते कळते. स्वतः बिल्ड करायला नको, सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंग भाषा यायला नको. ज्याच्या बदलाने बिघाड झाला त्याला नोंदीत बोलावता येते, आणि ‘कुठेतरी काहीतरी बिघडले’ या तक्रारीचे ‘या दिवशी, या बदलाने बिघडले’ असे टिपण होते. छाननी करणाऱ्याला जो मान नव्हता तो या साधनाने मिळाला. गुप्तहेराचे काम वाटले की लोक तेच काम रात्री जागून करतात.

तरी नोंदींचा ढीग राहतोच. वर्षभर कोणी हात न लावलेल्या नोंदीवर ‘ही अडचण नव्या आवृत्तीतही येते का, कृपया पाहा’ असा आपोआप संदेश जातो. मूळ नोंद करणाऱ्याला तो तिसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा येतो तेव्हा त्याचा वैताग समजण्यासारखा असतो. त्याने दिलेली फाइल तीच आहे, बग तोच आहे, आणि पुन्हा परीक्षा त्याचीच. माणसांची उणीव यंत्राच्या विनंतीने भरून काढता येत नाही, हे या एका संदेशात जितके दिसते तितके कुठे दिसत नाही. मे आणि नोव्हेंबर महिन्यांत बग तपासणाऱ्यांना, प्रश्नांची उत्तरे देणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना स्टिकर पाठवण्याची प्रथा फाउंडेशनने सुरू केली, ती गोड आहे. पण स्टिकरने माणूस महिनाभर थांबतो. वर्षभर थांबतो तो कोणी त्याच्या नोंदीला उत्तर देते म्हणून.

पैशाची बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिक होईल. ७ क्रमांकाच्या आवृत्त्यांच्या काळात फाउंडेशनने दिलेल्या हिशेबांनुसार एकूण बदलांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास बदल कोलाबोरा, रेड हॅट अशा कंपन्यांच्या किंवा संस्थांच्या पगारी प्रोग्रामरांचे होते आणि उरलेले स्वयंसेवकांचे. यादी तयार करणारे, पॅच तपासणारे बहुतेक जणही पगारी. शिवाय नवख्यांना हात देणे हेच ज्याचे काम, असा मार्गदर्शक फाउंडेशनने स्वतःच्या पैशाने नेमला. याला कोणी स्वयंसेवेचा पराभव म्हणेल. मला ते अगदी व्यवहाराचे वाटते. जेवणावळीत वाढप्ये हौशी असले तरी आचारी ठरवलेला असतो.

मराठीच्या कोपऱ्यातून

लिब्रेऑफिसची खिडकी मराठीत उपलब्ध आहे आणि तिच्यातला प्रत्येक मराठी शब्द कोणीतरी बसून भाषांतरित केलेला आहे. पण देवनागरीच्या बाबतीत खरी टंचाई भाषांतराची नसून छाननीची आहे. अक्षरजोडणीचे काम फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्या प्रणालींवर हार्फबझ हे एकच साधन करते, त्यामुळे लिनक्सवर वेगळे आणि विंडोजवर वेगळे दिसण्याचा त्रास कमी झाला. तरी फाँट बदलला, पीडीएफ काढला, शोध-बदल वापरला, कर्सर जोडाक्षराच्या मध्ये नेला की कुठे ना कुठे काही निसटू शकते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक गुरूला आणि दुसरा स्वयंपाक्याला, हे मराठी वाचणाऱ्यालाच कळते. दुसऱ्या शब्दातला अर्धा र पहिल्यासारखा रफार होऊन वर गेला, तर हॅम्बुर्गमध्ये बसलेल्या छाननीकाराला चित्रात काहीच वावगे दिसणार नाही. तो प्रामाणिकपणे लिहील की अडचण आढळली नाही.

अशा नोंदीसाठी लागणारे काम मोजून दाखवता येते. रोजचे चाचणी बिल्ड उतरवायचे. ते नेहमीच्या लिब्रेऑफिसला धक्का न लावता शेजारी बसते. नोंदीसोबतची फाइल उघडायची. तोच मजकूर दोन वेगळ्या देवनागरी फाँटमध्ये करून बघायचा, म्हणजे दोष फाँटचा की प्रोग्रामचा ते वेगळे होते. पडद्याचे चित्र काढायचे, चुकलेल्या अक्षराभोवती वर्तुळ करायचे, आणि अक्षर कसे दिसायला हवे त्याचे दुसरे चित्र शेजारी जोडायचे, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही. मदत या मेनूतून आवृत्तीची माहिती उतरवून नोंदीत चिकटवायची आणि ‘अपुष्ट’च्या जागी ‘नवीन’ निवडायचे. तीस-चाळीस मिनिटांचे काम आहे, जर्मन यावी लागत नाही, आणि जोपर्यंत ते कोणी करत नाही तोपर्यंत ती नोंद त्याच अवस्थेत राहते.